एलईडी आणि एलडीआरवर बांधलेला घरगुती कंप्रेसर : भजनाच्या आवाजातील चार दोष

विंगेतला (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. सोलापुरात भवानी पेठेतील आमच्या भजनी मंडळासाठी मी घरीच एक कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारे यंत्र, बांधला आहे. तो चालतो, परंतु मनासारखा चालत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मंडळाकडे तीन माइक, एक लहान मिक्सर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर एवढाच संसार आहे. आमचे बुवा अभंग आळवताना माइकपासून हातभर मागे सरकतात आणि गजर सुरू झाला की ओठ थेट जाळीला टेकवतात. त्यामुळे मिक्सरजवळ बसलेल्याला हातातले टाळ खाली ठेवून सतत बटण फिरवत राहावे लागते. ते काम यंत्राने करावे, इतकीच अपेक्षा आहे.

रचना अशी आहे. टीएल ०७२ या आयसीच्या अर्ध्या भागात बफर (सिग्नल न बदलता पुढे देणारा टप्पा), त्यानंतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला जोडलेला जीएल ५५२८ हा एलडीआर (प्रकाश पडला की ज्याचा रोध घटतो असा घटक), आणि आयसीच्या उरलेल्या अर्ध्या भागात सुमारे १० डेसिबलचे वर्धन. नियंत्रणाचा सिग्नल मी आउटपुटमधून घेतला आहे. तो दुसऱ्या टीएल ०७२ मध्ये वाढवून पूर्ण तरंगाचा एकदिश केला जातो, १० किलोओहममधून १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर साठतो, त्याला समांतर २२० किलोओहमचा रेझिस्टर आहे, आणि पुढे बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर एक लाल एलईडी पेटवतो. एलईडी व एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या आवळनळीत (हीट-श्रिंकमध्ये) बंद केले आहेत. वीजपुरवठा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर असा नेहमीचा आहे.

आता दोष सांगतो. हार्मोनियमचा एकच सूर धरून ठेवला तरी आवाज सेकंदाला एखाद-दुसऱ्या वेळा वरखाली झुलतो. पखवाजाची थाप पडली की गायकाचा आवाजही तिच्यासोबत बुडतो आणि मग सावकाश वर येतो. प्रत्येक मोठ्या आवाजाच्या सुरुवातीला स्पीकरमध्ये बारीक ‘टक’ ऐकू येते. आणि सायंकाळी सातनंतर घुर्र असा आवाज सुरू होतो, जो दुपारी अजिबात नसतो. माझ्याजवळ ऑसिलोस्कोप नाही; मल्टिमीटर आणि मोबाइल आहे.

शून्य_डेसिबल

आपण रचना नीट लिहिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. कोणताही भाग बदलण्यापूर्वी एक चाचणी करावी, कारण कंप्रेसरमध्ये दोन स्वतंत्र यंत्रे एकाच डब्यात राहतात. एक ध्वनीचा मार्ग आणि दुसरा नियंत्रणाचा मार्ग. ते एकमेकांना जोडलेले असेपर्यंत कानाला ऐकू येणारा दोष नेमका कोणाचा आहे हे ठरवता येत नाही, आणि मग माणूस टीएल ०७२ काढून एनई ५५३२ बसवतो, कपॅसिटर बदलतो, आणि दोष जागच्या जागी राहतो.

एलईडीची एक तार ट्रान्झिस्टरपासून सोडवा आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीला १ किलोओहमचा रेझिस्टर व १०० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) यांच्यामार्फत जोडा. बॅटरीची कोणतीही तार मंडलाच्या ग्राउंडला लागू देऊ नका. आता मोबाइलमधून भजन लावून पॉट हाताने फिरवा. आवाज स्वच्छपणे कमी-जास्त होत असेल तर ध्वनीचा मार्ग निर्दोष आहे असे समजावे. एलडीआर ४७ किलोओहमवर आला की आवाज निम्मा, म्हणजे ६ डेसिबल खाली येतो. तो १० किलोओहमवर आला की घट सुमारे १५ डेसिबलची होते. भजनासाठी याहून अधिक घट सहसा लागत नाही. बॅटरीवर असताना चारपैकी कोणते दोष उरतात आणि कोणते जातात, तेवढे कळवा.

पार्क_चौक

एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो. आवळनळी काळी असली तरी दोन्ही टोके उघडी राहतात आणि एलडीआरच्या मागच्या चकतीतूनही थोडा प्रकाश आत जातो. ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एलडीआर मंद असला तरी तेवढे त्याला जाणवते आणि आवाजात घुरघुर मिसळते. डबा उघडा ठेवून काम करत असाल तर खोलीतील दिवा बंद करून ऐकावे. टोकांना काळी चिकटपट्टी दोन-तीन वेढे लावली की प्रश्न मिटतो.

लाल एलईडीबद्दलही सांगायला हवे. जीएल ५५२८ ची संवेदनशीलता ५४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगाला, सर्वाधिक असते. लाल एलईडीने काम होते, पण तेवढाच परिणाम साधायला जास्त प्रवाह लागतो. हिरवा किंवा पांढरा लावून पाहा.

विंगेतला (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. एलईडी बॅटरीवर घेतल्यावर झुलणे गेले, थापेबरोबर बुडणे अर्थातच गेले, आणि ‘टक’ सुद्धा पूर्णपणे गेली. पॉट झटकन फिरवला तरी ती येत नाही. सायंकाळची घुर्र मात्र बॅटरीवरही तशीच राहिली. दिवा बंद केल्यावर ती किंचित कमी झाली, म्हणजे प्रकाशाचा वाटा होता. परंतु टोके बंद करूनही मोठा भाग शिल्लक आहे.

शून्य_डेसिबल

मग तीन दोष नियंत्रणाच्या मार्गातील आहेत आणि चौथ्याचा नियंत्रणाशी संबंध नाही, असे निश्चित झाले. सोप्यापासून सुरुवात करू.

‘टक’ बॅटरीवर जाते याचा अर्थ एलईडीचा प्रवाह ध्वनीच्या ग्राउंडमधून परत जात आहे. बीसी ५४७ अचानक चालू झाला की काही मिलीअँपियर प्रवाह बोर्डावरील ग्राउंडच्या बारीक पट्टीतून वाहतो, पट्टीच्या दोन टोकांत अल्पसा व्होल्टेज पडतो, आणि एलडीआरचे व इनपुटचे ग्राउंड त्याच पट्टीवर असल्यामुळे तो व्होल्टेज सिग्नलमध्ये बेरीज होतो. ट्रान्झिस्टरच्या एमिटरपासून एक स्वतंत्र तार थेट वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरच्या ग्राउंडपर्यंत न्या. एलईडीला जाणाऱ्या धन तारेत १०० ओहम आणि तिथेच ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावलेत तर झटका आणखी सौम्य होईल.

झुलण्याचे कारण अधिक रंजक आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. आपला कंप्रेसर आउटपुट पाहून आउटपुट आवरतो. अशा चक्राकार रचनेत विलंब एका जागी असला तर ती शांत राहते, पण आपल्याकडे तो दोन जागी आहे. पहिला विलंब १० किलोओहम व १० मायक्रोफॅरड यांचा, म्हणजे १०० मिलिसेकंदांचा. दुसरा खुद्द एलडीआरचा, जो माहितीपत्रकाप्रमाणे चढताना सुमारे २० आणि उतरताना सुमारे ३० मिलिसेकंद असतो, आणि पूर्ण अंधारात पूर्वपदावर येण्याची त्याची शेपटी यापेक्षा पुष्कळ लांब असते. सूर मोठा झाला की कपॅसिटर भरू लागतो, एलडीआर अजून जागा झालेला नसतो, म्हणून कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त भरतो. मग एलडीआर जागा होऊन आवाज गरजेपेक्षा जास्त दाबतो. नंतर २२० किलोओहममधून कपॅसिटर हळूहळू रिकामा होईपर्यंत सगळे वाट पाहत राहते आणि मग हेच पुन्हा घडते. नियंत्रणमार्गातील वर्धन जितके जास्त, तितके हे झुलणे हट्टी.

उपाय असा की विलंबाचे काम दोघांपैकी एकाकडेच सोपवावे. एलडीआरचा मंदपणा काढता येत नाही, तेव्हा कपॅसिटरच लहान करावा. १० मायक्रोफॅरडच्या जागी ०.४७ बसवा आणि १० किलोओहमच्या जागी १ किलोओहम. २२० किलोओहमसह सुटण्याचा काळ सुमारे १०० मिलिसेकंद होईल आणि त्यापुढील सावकाशपणा एलडीआर आपल्या स्वभावाने पुरवील. टेलेट्रॉनिक्स कंपनीच्या एलए-२ए या १९६० च्या दशकातील प्रसिद्ध यंत्रातही वेळेची बटणे नाहीत. त्यात दिव्याच्या जागी विद्युत-दीप्त पट्टी आणि समोर कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशरोध आहे; आवाज सुमारे १० मिलिसेकंदांत दाबला जातो, निम्मा सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला सुटायला १ ते १५ सेकंद घेतो. गायनासाठी लोक आजही ते यंत्र शोधतात ते या दुहेरी सुटण्यामुळेच, आणि तो गुण तुमच्या स्वस्तातल्या एलडीआरमध्येही बऱ्याच अंशी आहे.

तांब्याची_तार

सायंकाळच्या घुर्रविषयी मी लिहितो, कारण हा आपल्या गावाचा खास आजार आहे. तुमच्या गल्लीत पॉवरलूम असतील तर सायंकाळी सॉकेटवरचा व्होल्टेज मोजून पाहा. माझ्याकडे तो कधीकधी १८० पर्यंत उतरतो. आता हिशोब करा. १२ व्होल्टची वाइंडिंग २३० वर १२ देते, तर १८० वर ती ९.४ देईल. त्याचे शिखर १३.३ व्होल्ट आणि डायोडमध्ये ०.७ गेले की उरले १२.६. ट्रान्सफॉर्मरवर भार कमी असल्यामुळे प्रत्यक्षात एखादा व्होल्ट जास्त मिळेल, हे मान्य. तरीही ७८१२ ला नीट काम करण्यासाठी इनपुटवर साधारण १४ व्होल्ट लागतात, आणि तेही लहरीच्या तळाशी. ते मिळाले नाहीत की रेग्युलेटर नियमन सोडून देतो आणि १०० हर्ट्झची लहर जशीच्या तशी पुढे जाते. दुपारी व्होल्टेज पुरेसा असेल, म्हणून दुपारी घुर्र नाही.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घ्या, किंवा ट्रान्सफॉर्मर तोच ठेवून ७८०९ आणि ७९०९ बसवा. टीएल ०७२ ला ९ व्होल्टच्या जोडीवर काहीही अडचण नाही आणि मिक्सरचा सिग्नल तसाही एक-दोन व्होल्टच्या पलीकडे जात नाही. १५-०-१५ घेतलात तर फिल्टरचे कपॅसिटर ३५ व्होल्टचे असावेत. रात्री उशिरा लूम बंद झाल्यावर व्होल्टेज उलट चढतो आणि २५ व्होल्टचे कपॅसिटर मर्यादेला टेकतात.

जुळे_सोलापूर

लॅपटॉपवर हेच काम करणारी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. एवढे सोल्डरिंग कशासाठी, हे कळले नाही.

विंगेतला (धागाकर्ता)

ध्वनिमुद्रणासाठी आपले म्हणणे योग्य आहे. परंतु देवळात बुवांचा आवाज लॅपटॉपमधून फिरून स्पीकरला यायला जो उशीर लागतो तो गाणाऱ्याला जाणवतो, आणि एकादशीच्या गर्दीत लॅपटॉप सांभाळायला माणूसही नाही.

खांब_आणि_कर्णा

मी मंडपाचा साउंड करतो, म्हणून वापराच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. हा डबा तुम्ही मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये लावला आहे असे दिसते. तसे केल्यास पखवाज गायकाला दाबणारच. कारण कंप्रेसरला सगळ्यांची एकत्र बेरीज दिसते आणि त्या बेरजेत धुमेची, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूची, थाप सर्वांत मोठी असते. मिक्सरच्या चॅनेलवर इन्सर्टचे छिद्र (एकाच चॅनेलचा सिग्नल बाहेर काढून परत घेण्याची जागा) असेल तर तीन टप्प्यांच्या जॅकने कंप्रेसर फक्त बुवांच्या चॅनेलवर लावा. बहुतेक मिक्सरमध्ये टोकावरून सिग्नल बाहेर जातो आणि मधल्या कड्यावरून परत येतो. मिक्सरचे माहितीपत्रक पाहून खात्री करावी.

दुसरी गोष्ट शिट्टीची. बुवा गप्प असतात तेव्हा कंप्रेसर दाबत नाही, म्हणजे तुम्ही पुढे जे १० डेसिबल वाढवले आहेत ते पूर्ण लागू होतात आणि माइक शिट्टी मारतो. गजरात सगळे ठीक वाटते आणि निरूपणाच्या मध्ये शांतता पडली की शिट्टी येते, ती याच कारणाने. म्हणून आवाजाची पातळी ठरवताना कोणीही गात नसताना ठरवा, गाताना नव्हे. आणि घट ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. रेकॉर्डिंगला १२ चालेल, देवळात चालणार नाही.

शून्य_डेसिबल

इन्सर्ट नसेल तर नियंत्रणमार्गाच्या तोंडाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ग्राउंडला १० किलोओहम लावा. त्यामुळे सुमारे १५९ हर्ट्झच्या खालचे स्वर नियंत्रणाला कमी-कमी ऐकू येतील. धुमेचा खर्ज स्पीकरमधून पूर्वीप्रमाणेच येईल, पण तो कंप्रेसरला ओढणार नाही. याची मर्यादाही सांगतो : टाळ मात्र पूर्वीपेक्षा जास्त ओढतील. टाळकरी माइकजवळ बसत असतील तर त्याच्या पुढे आणखी एक १० किलोओहम एकसरीत जोडून त्यानंतर ग्राउंडला ३.३ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवून पाहा.

विंगेतला (धागाकर्ता)

आमच्या मिक्सरला इन्सर्ट आहे, म्हणून फिल्टरची गरज पडली नाही. एमिटरची तार वेगळी केल्यावर ‘टक’ गेली. कपॅसिटर ०.४७ चा केल्यावर हार्मोनियमचा सूर स्थिर राहतो. सॉकेटवर सायंकाळी १८४ व्होल्ट भरले. ७८०९ व ७९०९ बसवल्यापासून घुर्र नाही.

आता मोजमाप. पिवळ्या रंगाचा जो स्वस्त मल्टिमीटर घरोघरी असतो त्यावर एसीची सर्वांत लहान श्रेणी २०० व्होल्टची असते, त्यामुळे तो इथे निरुपयोगी ठरतो. २ व्होल्ट एसीची श्रेणी असलेला मीटर मित्राकडून आणला. साधे मीटर उंच स्वरांवर चुकीचे दाखवतात, म्हणून मोबाइलच्या अ‍ॅपमधून ४०० हर्ट्झचा सूर दिला. इनपुट १०० मिलिव्होल्ट असताना आउटपुट ०.३१ व्होल्ट, २०० ला ०.६२, ४०० ला ०.८० आणि ८०० ला ०.९८ असे आकडे आले. पहिल्या दुपटीला आउटपुटही दुप्पट झाले, म्हणजे तिथे दाब नाही. शेवटच्या दुपटीला, म्हणजे इनपुट ६ डेसिबलने वाढले तेव्हा, आउटपुट जेमतेम १.८ डेसिबलने वाढले. हे प्रमाण साधारण साडेतीनास एक येते. मधल्या टप्प्यावर ते पावणेतीनास एक आहे. हे असे बदलणे योग्य आहे का?

शून्य_डेसिबल

अगदी योग्य आहे. एलईडीचा प्रवाह आणि एलडीआरचा रोध यांचे नाते सरळ रेषेचे नाही, त्यामुळे या जातीच्या कंप्रेसरमध्ये दाब हळूहळू वाढत जातो आणि त्याची सुरुवात कानाला कळत नाही. ठरलेले प्रमाण हवे असेल तर व्हीसीए (नियंत्रणाच्या व्होल्टेजने वर्धन बदलणाऱ्या) प्रकारची आयसी लागते, उदाहरणार्थ दॅट कॉर्पोरेशनची २१८०. तिच्यात नियंत्रणाच्या सुमारे ६ मिलिव्होल्टला एक डेसिबल असे शिस्तीचे नाते आहे. ते नाते तापमानाप्रमाणे अंशाला सुमारे ०.३३ टक्के सरकते, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात ती भरपाई मंडलात करावी लागते.

वाकडा_ट्रान्झिस्टर

एलडीआर थाप पकडू शकत नाही, हे कोणी बोलतच नाही. २० मिलिसेकंदांत पखवाजाची थाप येऊन गेलेली असते. पखवाजासाठी जेएफईटी (व्होल्टेजने ज्याचा रोध बदलतो असा ट्रान्झिस्टर) हवा. इंजिनियरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळणारा बीएफडब्ल्यू १० यासाठी चालेल का? १९६७ मध्ये आलेले यूरेई कंपनीचे ११७६ हे कंप्रेसर यंत्र जेएफईटीवरच बांधले होते आणि ते ८०० ते २० मायक्रोसेकंदांत आवाज पकडते.

शून्य_डेसिबल

चालेल, परंतु तीन पथ्ये पाळावी लागतील. जेएफईटीच्या ड्रेनवर (सिग्नलच्या टोकावर) सिग्नल काही दशक मिलिव्होल्टच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर तो रोध न राहता विकृती निर्माण करतो. म्हणून आधी सिग्नल लहान करून नंतर तितकाच वाढवावा लागतो आणि त्याबरोबर सळसळही वाढते. ड्रेनचा निम्मा व्होल्टेज गेटला (नियंत्रणाच्या टोकाला) परत द्यावा : ड्रेनपासून गेटला १ मेगाओहम आणि नियंत्रणापासून गेटला १ मेगाओहम. यामुळे दुसऱ्या हार्मोनिकची विकृती लक्षणीय कमी होते. मात्र ड्रेनकडच्या रेझिस्टरला एकसरीत कपॅसिटर लावला नाही तर गेटला नियंत्रणाचा व्होल्टेजही निम्माच मिळतो. बीएफडब्ल्यू १० पूर्ण बंद व्हायला उणे ८ व्होल्टपर्यंत लागू शकतात. म्हणजे नियंत्रणाला १६ द्यावे लागतील आणि तुमचा पुरवठा तिथवर पोहोचणार नाही. बीएफडब्ल्यू ११ ची ही मर्यादा ६ व्होल्टची आहे, तो निवडावा आणि कपॅसिटरही लावावा. आणि तिसरे, प्रत्येक नग वेगळा असल्यामुळे गेटच्या विश्रांतीच्या व्होल्टेजला एक प्रीसेट (एकदा जुळवून ठेवायचा लहान पॉट) ठेवावाच लागतो.

भजनातील गायकाला मात्र एलडीआरच शोभतो. पखवाज दाबायची गरज मला तरी वाटत नाही; त्याची थाप दाबली की भजनाचा जीव जातो.

वाकडा_ट्रान्झिस्टर

शेवटच्या वाक्याशी असहमत, पण बीएफडब्ल्यू ११ आणतो.

जुळे_सोलापूर

वर लॅपटॉप सुचवला होता, आता मलाच हे बांधावेसे वाटते आहे. एलडीआर कसा निवडावा? पुण्याला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या बाजारात जावे लागेल का?

विंगेतला (धागाकर्ता)

पुण्याला जाण्याची आवश्यकता नाही. हा एलडीआर गावातही मिळतो. एक घेऊ नका, आठ-दहा घ्या, कारण एकाच पाकिटातील नगांतही मोठा फरक असतो. घरी हिरवा एलईडी बॅटरीवर पेटता ठेवून प्रत्येक नग एकाच काळ्या नळीत त्याच्यासमोर बसवा आणि मीटरवर रोध पाहा. मग एलईडी बंद करा आणि अर्ध्या मिनिटात कोण १ मेगाओहमच्या वर चढतो ते पाहा. माझ्याकडील दोन नग २०० किलोओहमच्या आसपासच रेंगाळत राहिले. ते लावले असते तर शांततेतही आवाज सतत दोन डेसिबलने दबलेला राहिला असता. दोन स्पीकरसाठी वेगवेगळे, म्हणजे स्टिरिओ, करायचे असेल तर प्रकाशात एकमेकांच्या जवळ येणारी जोडी बाजूला काढा आणि दोन्ही एकाच एलईडीसमोर बसवा. पाय सोल्डर करताना चिमट्याने धरा. उष्णता वर चढली की नगाचा अंधारातील रोध बदलतो आणि केलेली निवड वाया जाते.